उजनीचा मायनस आकडा वर्गात आणा : पर्यावरण कसे शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर

सोलापुरातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘आमच्या शाळेत दरवर्षी वृक्षारोपण होते, पर्यावरणदिनी फेरी निघते, भित्तिचित्रांची स्पर्धा होते, आणि प्रकल्पवह्याही वेळेवर भरल्या जातात. तरीही मुलांच्या किंवा त्यांच्या पालकांच्या वागण्यात काही फरक पडलेला दिसत नाही. वर्गातली निम्मी मुले यंत्रमाग आणि विडी कामगारांची आहेत, काही आसपासच्या गावांतून येणारी ऊस बागायतदारांची आहेत. पर्यावरणाची शाश्वतता लोकांना समजावी आणि ती त्यांनी मनापासून स्वीकारावी, यासाठी नेमके काय शिकवावे आणि कसे?’

शिक्षकांची प्रशिक्षणे, गावांतील शेतकरी गट आणि शहरातील वस्त्या अशा तिन्ही ठिकाणी मी बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे, त्यामुळे या प्रश्नामागची तळमळ मला ओळखीची आहे. माझे उत्तर दोन वाक्यांत सांगता येईल, पण ती दोन वाक्ये प्रत्यक्षात कशी आणायची हे सांगायला जागा लागेल. पहिले वाक्य असे, की ज्या गोष्टीवर माणसाचे रोजचे जगणे चालते, ती त्याला त्याच्या हाताने मोजू द्यावी. दुसरे असे, की बदलाची अपेक्षा फक्त तिथेच करावी जिथे निर्णय घेण्याचा अधिकार खरोखर त्याच्याकडे आहे.

आपल्याकडे या विषयाला कायद्याचे आणि धोरणाचे पाठबळ कमी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या प्रत्येक पातळीवर शिकवला जावा असा आदेश दिला, आणि महाविद्यालयांमध्ये तो सक्तीचा झाला. त्याच्याही आधी, 1977 मध्ये तिबिलिसी येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे सांगितली होती : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्या शाळांचे बहुतेक उपक्रम पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. ‘पाणी हे जीवन आहे’ हे वाक्य पाठ नसलेला मुलगा सोलापुरात सापडणार नाही, पण आपल्या घरात रोज किती लिटर पाणी येते, ते कुठून येते, आणि त्याच धरणातले उरलेले पाणी कुठे जाते, हे सांगू शकणारा मुलगाही सहसा सापडत नाही. जाणीव भरपूर आहे. कमतरता आहे ती मोजण्याच्या कौशल्याची आणि निर्णयात वाटा मिळण्याची.

म्हणून सुरुवात उजनी धरणापासून करा. सोलापुरात सर्वांच्या तोंडी असलेला पर्यावरणाचा एकच आकडा असेल तर तो उजनीचा. उन्हाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात रोज छापून येते, ‘उजनी मायनसमध्ये’. चहाच्या टपरीपासून मंगल कार्यालयापर्यंत लोक त्यावर बोलतात, परंतु धरण शून्याच्या खाली कसे जाऊ शकते, हा साधा प्रश्न विचारला तर मोठी माणसेही गोंधळतात. हा प्रश्न सातवीच्या वर्गाला द्यावा. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी, म्हणजे 117 अब्ज घनफूट आहे. त्यातले सुमारे 63.66 टीएमसी मृतसाठ्यात, म्हणजे एरवी वापरासाठी न धरल्या जाणाऱ्या तळाच्या पाण्यात मोडते आणि उरलेले सुमारे 53.57 टीएमसी उपयुक्त साठा मानले जाते. टक्केवारी काढली जाते ती या उपयुक्त साठ्यावर. मृतसाठा संपूर्ण भरलेला आणि उपयुक्त साठा रिकामा असेल तेव्हा उजनी शून्य टक्के असते, आणि त्याखालचे पाणी उचलायला लागलो की आकडा उणे होतो. 2024 च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. उणे पन्नास म्हणजे मृतसाठ्यातलेही जवळपास 27 टीएमसी पाणी आपण संपवले, हे गणित मुलांनी स्वतः करावे. ते करताना त्यांच्या लक्षात येते की ज्याला आपण ‘धरण रिकामे झाले’ म्हणतो त्या दिवशीही तिथे पाणी होते. ते उचलण्याचा खर्च वाढला होता, त्यात गाळ होता, आणि पुढच्या वर्षीचा पाऊस येईलच, या भरवशावर आपण ते उचलत होतो.

इथे मुलांना थांबू द्या आणि दुसरे गणित द्या. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर. 2011 च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती. माणशी रोज 135 लिटर हे शहरासाठी मान्य असलेले प्रमाण धरले तरी वर्षाला लागणारे पाणी दोन टीएमसीपेक्षाही कमी भरते. आता उसाकडे वळा. उसाच्या पिकाला वर्षभरात साधारण 2,000 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागते. आपल्या जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात आहे. तो सगळा पिकाला मिळाला असे उदारपणे मानले तरी उरलेले दीड हजार मिलिमीटर कालव्यातून, नदीतून किंवा बोरमधून द्यावे लागतात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजेच एका हेक्टर उसाला दीड कोटी लिटर. सबंध शहराची वर्षाची तहान भागवणारे पाणी सुमारे तीन हजार हेक्टर उसाला लागते, आणि जिल्ह्यात ऊस आहे लाखाहून अधिक हेक्टरवर. हे आकडे फळ्यावर आले की वर्गात शांतता पसरते, आणि नेमक्या त्या क्षणी शिक्षकाची खरी परीक्षा सुरू होते.

कारण त्या वर्गात ऊसवाल्याचा मुलगा बसलेला असतो. ‘मग दोष तुझ्या वडिलांचा’ असा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचला, तर तो मुलगा आणि त्याचे घर या विषयाला कायमचे दुरावते. म्हणून पुढचे काम त्यालाच द्यावे : वडील ऊस का लावतात, याची कारणे घरी विचारून लिहून आणायची. माझ्या अनुभवात ही कारणे प्रत्येक वेळी जवळपास सारखीच येतात, आणि ती भक्कम असतात. उसाला किमान दर कायद्याने ठरलेला आहे, कारखाना ऊस नेतो, गारपिटीत तो पूर्ण जात नाही, रोज मजूर लागत नाहीत, आणि बँक किंवा सोसायटी त्यावर कर्ज देते. डाळिंब तेल्या रोगाने जाते, कांद्याचा भाव एका आठवड्यात पडतो, ज्वारीला पाखरे राखायला माणूस मिळत नाही. ही यादी वर्गात वाचली गेली की मुलांना कळते की शेतकरी अडाणीपणाने वागत नाही, तो धोका टाळतो आहे. मग चर्चा दोषावरून सरकते आणि ‘त्याचा धोका न वाढवता पाणी कमी कसे लागेल’ या प्रश्नावर येते. शाश्वततेचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो असे मी मानतो, कारण निसर्ग आणि प्रपंच या दोन्ही बाजू एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात.

शेतकऱ्याला मी कधीही ‘ऊस सोडा’ असे सांगत नाही. त्याच्या अधिकारात असलेली आणि त्याच हंगामात परिणाम दाखवणारी एक गोष्ट मागतो : पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळू नका. तोडणीनंतर शेत पेटवण्याची सवय इतकी जुनी आहे की तो कामाचाच भाग समजला जातो. एका हेक्टरमधून साधारण 8 ते 10 टन पाचट निघते आणि त्यात अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे चाळीस-पन्नास किलो नत्र, अर्थात युरियाच्या दोन पोत्यांइतके, काडीपेटीच्या एका काडीने हवेत जाते. पाचट सरीत पसरले तर हे नत्र एकदम मिळत नाही, ते कुजत कुजत मिळते, हेही प्रामाणिकपणे सांगावे. परंतु ओल मात्र लगेच टिकते. दोन सऱ्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात, एकीत पाचट पसरलेले आणि दुसरी उघडी, आणि पाणी दिल्यानंतर आठव्या-दहाव्या दिवशी शेतकऱ्याने स्वतः हात घालून माती दाबून बघावी. त्या मुठीतल्या मातीने जे पटते ते आमच्या कुठल्याही व्याख्यानाने पटलेले मी पाहिलेले नाही. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाला, पाणी एक पाळी उशिरा देऊनही चालते हे एकदा त्याने अनुभवले की ठिबकची गोष्ट तो स्वतःहून काढतो. अतिपाण्याने क्षारपड होत चाललेली काळी जमीन हा विषयही मग सहज निघतो, कारण पांढरी पडलेली कोपऱ्यातली पट्टी त्याने रोज पाहिलेली असते.

ज्वारीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत धरून ठेवायची आणि हिवाळाभर जवळजवळ त्या ओलीवरच पीक काढायचे, वर जनावरांना कडबा मिळवायचा, ही व्यवस्था या भूभागाने पिढ्यानपिढ्या चालवली आहे. सोलापुरात 1930 च्या दशकापासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे तेही याच भूमीच्या स्वभावामुळे. मुलांना शाश्वततेचे उदाहरण द्यायला परदेशातले जंगल दाखवण्याची गरज नाही. हुरड्याच्या शेतात न्यावे आणि आजोबांना विचारायला सांगावे की पेरणीपूर्वी रान किती वेळा कुळवायचे आणि का. ओल उडू नये म्हणून मातीचा वरचा थर मोकळा ठेवण्यामागचे शास्त्र त्या उत्तरात असते. मात्र जुने ते सर्व सोने अशा थाटात हे मांडू नये. ज्वारीचा भाव आणि काढणीची मजुरी हे प्रश्न खरे आहेत, आणि ते वगळून ज्वारीचे गुणगान केले तर शेतकरी सभ्यपणे ऐकून घेतो आणि उठून जातो.

शहरातली बाजू वेगळी आहे, आणि तिथे शिकवणाऱ्याने अधिक जपून बोलले पाहिजे. सोलापुरात अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. कित्येक दिवसांच्या अंतराने, कधी रात्री-अपरात्री येते. ज्या बाई रात्री दोन वाजता उठून पिंप, बॅरल, घागरी भरून ठेवतात आणि ते पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरवतात, त्यांना ‘पाणी जपून वापरा’ असे सांगणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय अपमानही आहे. पाण्याच्या काटकसरीत त्या आपल्या शिक्षक आहेत. त्यांच्याकडून शिकून मगच काही सांगता येते.

तरीही सांगण्यासारखे असते, आणि ते वस्तीत बसून बोलल्यावरच दिसते. नळाला नवे पाणी आले की आधीचे उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून गटारीत ओतून देण्याची सवय अनेक घरांत आहे. ती सवय वेडेपणाची नाही. तिच्यामागे स्वच्छतेची कल्पना आहे, आणि उघड्या पिंपात खरोखरच अळ्या होतात. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे सगळी भांडी रिकामी करायला सांगतो. म्हणजे पाणी वाचवण्याचा सल्ला आणि डेंग्यू टाळण्याचा सल्ला एकाच पिंपाजवळ एकमेकांना छेद देतात. हा पेच लपवू नये, उलट तो महिलांच्या बैठकीत मांडावा. एका पारदर्शक बरणीत पिंपाच्या तळाचे पाणी घेऊन अळ्या दाखवाव्यात, दुसऱ्या बरणीत फडके घट्ट बांधून झाकलेले तितकेच जुने पाणी दाखवावे, आणि उपाय त्यांनाच काढू द्यावा. बहुतेक ठिकाणी तो असाच निघतो : पिण्याचे पाणी झाकलेल्या भांड्यात राहते, उरलेले पाणी फरशी, कपडे किंवा दारातल्या झाडाला जाते, आणि रिकामे पिंप आतून घासून मगच भरले जाते, कारण अंडी कडांना चिकटलेली असतात. हा शेवटचा तपशील, अंडी कडांना चिकटतात हा, माहीत नसतो. आपण द्यायची माहिती ती हीच : नेमकी, छोटी आणि त्या आठवड्यात उपयोगी पडणारी.

छतावरच्या पावसाचे गणितही शहरात चांगले चालते. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर साडेपाचशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे पन्नास हजार लिटर. गळती आणि बाष्पीभवन वजा जाता चाळीस हजार हाती लागतात. पाच माणसांच्या घराला रोज पाचशे लिटर धरले तर हे ऐंशी दिवसांचे पाणी झाले. ते सगळे साठवायला टाकी कोणाकडेच नसते, हे मुले लगेच दाखवून देतात, आणि ते बरोबरच असते. मग ते बोरच्या भोवती जिरवायचे, की शाळेच्या आवारात एकच मोठी टाकी बांधायची, की पहिल्या दोन पावसांचे सोडून बाकीचे हौदात घ्यायचे, यावर वर्गात वाद व्हावा. शाळेचे छत मोजून, शाळेचा खर्च विचारात घेऊन, मुख्याध्यापकांकडे लेखी प्रस्ताव देणे हा त्या धड्याचा शेवट असावा. प्रस्ताव नाकारला गेला तरी नकाराचे कारण मुलांना लेखी मिळावे, असा आग्रह धरा.

आता वृक्षारोपणाविषयी, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख पहिला आहे आणि माझे मत त्याबाबत ठाम आहे. सोलापूरचा मूळ निसर्ग दाट जंगलाचा नाही. तो माळाचा आहे : कुसळीचे आणि पवन्याचे गवत, मध्ये विखुरलेली बोर, बाभूळ, हिवर, आणि त्या गवतावर जगणारे काळवीट, लांडगे, खोकड, चंडोल आणि माळढोक. आपण या माळाला कागदोपत्री पडीक म्हणत आलो आणि पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे पुण्याचे ठरले. ज्या माळढोक पक्ष्याला दूरवर मोकळे दिसणारे गवत लागते, जो वर्षाला बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालतो, त्याच्यासाठी गिरिपुष्पाची दाट लागवड म्हणजे घर मोडणे होय. आज सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. त्याला कारणे अनेक आहेत, पण माळाला निसर्ग न मानणे हे त्यातले एक आहे, आणि ते कारण थेट आपल्या शिक्षणात आहे.

म्हणून शाळेने झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. रस्त्याच्या कडेला, आवारात, वस्तीत सावलीसाठी कडुनिंब, चिंच, करंज जरूर लावावेत. चव्वेचाळीस अंशांच्या मे महिन्यात सावलीची किंमत सोलापूरकराला वेगळी सांगावी लागत नाही. परंतु सहलीला माळावर नेऊन खड्डे खणायला लावण्याऐवजी एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट टाकून आत किती प्रकारचे गवत, किती किडे, किती बिया आहेत ते मोजायला लावावे. ऑगस्टमध्ये एकदा आणि जानेवारीत पुन्हा त्याच जागी. जी मुले ही चौकट दोनदा टाकतात, ती पुन्हा माळाला ओसाड म्हणत नाहीत.

नान्नजचा दुसरा धडा मोठ्या माणसांसाठी आहे, आणि ‘मनापासून स्वीकारणे’ या तुमच्या शब्दांशी त्याचा थेट संबंध आहे. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर धरले गेले. त्यात सोलापूर आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातली गावे, शेते, अगदी भरवस्तीही आली. जमिनीचे व्यवहार, बिगरशेती परवानग्या, उद्योग यांवर बंधने आली, आणि ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्याला तो आपल्या सातबाऱ्याचा वैरी वाटू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले, परंतु मधल्या वर्षांत साठलेली कटुता नकाशा बदलल्याने गेली नाही. ज्या संरक्षणात माणसाला फक्त बंधन मिळते आणि बोलण्याची जागा मिळत नाही, ते संरक्षण तो मनाने स्वीकारत नाही. पर्यावरणाविषयी शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आपल्या जिल्ह्याचा इतिहास म्हणून नीट समजून घेतली पाहिजे आणि ती विद्यार्थ्यांनाही सांगितली पाहिजे.

यंत्रमाग कामगारांच्या मुलांविषयी तुम्ही लिहिले आहे, म्हणून अधिकाराचा मुद्दा इथे पुन्हा घेतो. चादरीचे आणि टॉवेलचे सूत रंगवताना पाणी लागते, बॉयलरला इंधन लागते, आणि रंगाचे सांडपाणी कुठेतरी जाते. मागावर बारा तास उभ्या असलेल्या कामगाराला त्या सांडपाण्याबद्दल जबाबदार धरणे अन्यायाचे आहे. प्रक्रिया करायची की नाही हे मालक, संघटना आणि प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा ठरवते. त्याच्या मुलाला मात्र हे समजण्याचा पूर्ण हक्क आहे की कोणता निर्णय कोणाच्या हातात आहे. मी वर्गात एक तक्ता करून घेतो. त्याचे तीन रकाने असतात : घरात ठरते ते, मोहल्ल्यात किंवा गावात ठरते ते, आणि त्याच्या वर ठरते ते. ओला-सुका कचरा वेगळा ठेवणे पहिल्या रकान्यात जाते. घंटागाडीत तो पुन्हा एकत्र टाकला जातो का, हे दुसऱ्यात. भोगावच्या कचरा डेपोवर त्याचे काय होते, हे तिसऱ्यात. पहिल्या रकान्यातल्या गोष्टी करायच्या, दुसऱ्यातल्या गोष्टी एकत्र येऊन मागायच्या, आणि तिसऱ्यातल्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारायचे. नाहीतर सगळ्या पृथ्वीचे ओझे आपण बारा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात टाकतो आणि त्याला हतबल करून सोडतो. हवामानबदलाची भीती घालणारे चित्रपट वर्गात दाखवण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच.

विजेचेही असेच. घरचे बिल घेऊन येणे ही मुलांना आवडणारी गोष्ट आहे. कोळशावरच्या केंद्रात एका युनिटमागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. महिन्याला शंभर युनिटे वापरणाऱ्या घरामागे साठ-सत्तर किलो कोळसा आणि वीसेक किलो राख, हा हिशेब मुले स्वतः करतात. फताटेवाडीचे 1,320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र दक्षिण सोलापुरात आहेच. आपल्या घरातली वीज नेमकी तिथूनच येते असे नाही, ती सगळ्या केंद्रांची मिळून एका जाळ्यातून येते, एवढे मात्र स्पष्ट करावे.

भाषेचा मुद्दा सोलापुरात विसरून चालणार नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, आणि कित्येक मोहल्ल्यांत उर्दू. मराठीत छापलेले माहितीपत्रक विड्या वळणाऱ्या आजीपर्यंत पोहोचत नाही. मुलांनाच सांगावे की वर्गात शिकलेले घरी आपल्या भाषेत समजावून या आणि आजीने काय विचारले ते लिहून आणा. आजीचे प्रश्न बहुतेक वेळा आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा पुढचे असतात.

श्रद्धेचा आधार घ्यावा का, असेही शिक्षक विचारतात. घ्यावा, पण आदराने आणि नेमकेपणाने. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी बाराव्या शतकात श्रमातून तलाव उभारला, ही परंपरा सोलापूरच्या प्रत्येक घराला माहीत आहे, आणि गड्ड्याच्या यात्रेला लाखो लोक त्या काठावर येतात. तलाव बांधणे हेच ज्यांनी पूजेइतके मोठे काम मानले, त्यांच्या तलावात आपण निर्माल्य टाकावे का, हा प्रश्न शिक्षकाने विचारावा आणि उत्तर भाविकांना देऊ द्यावे. त्यात टोमणा आला की संवाद संपतो.

शेवटी वेळेचे आणि गुणांचे. पर्यावरणाचे काम 5 जूनला सुरू करून 6 जूनला संपवू नका. ते पावसाच्या वहीने सुरू करा. शाळेच्या गच्चीवर एक साधे पर्जन्यमापक ठेवावे, रोज सकाळी ठरावीक वेळी एका मुलाने नोंद करावी, आणि शेजारी उजनीचा त्या दिवसाचा आकडा लिहावा. सप्टेंबर हा आपल्याकडे सर्वाधिक पावसाचा महिना. तो संपेपर्यंत मुलांच्या हातात स्वतःची आकडेवारी तयार होते. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. रब्बीचे नियोजन तोवर हातातून गेलेले नसते आणि कालव्याच्या आवर्तनांची चर्चाही याच सुमारास सुरू होते. गावाकडून येणाऱ्या तुमच्या मुलांनी त्या ग्रामसभेत पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि आपली वही वाचून दाखवावी : यंदा इतका पाऊस झाला, विहिरींची पातळी इतकी आहे, आपण ठरवलेल्या पिकांना इतके पाणी लागेल. हिवरे बाजार या गावाने पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडूनच पिके ठरवायला सुरुवात केली, आणि तिथे हे मोठ्यांनी केले. आपल्याकडे मुलांनी सुरुवात केली तरी चालेल. शहरातल्या मुलांनी हेच प्रभागातल्या नगरसेवकांपुढे किंवा विभागीय कार्यालयात मांडावे, नळाला पाणी आलेल्या दिवसांची आणि तासांची नोंद सोबत घेऊन.

गुण द्यायचे ते प्रकल्पवहीच्या मुखपृष्ठाला देऊ नका. नोंदींत खंड किती पडला, चुकलेला आकडा खोडून बरोबर लिहिला की लपवला, आणि त्या वहीतून कोणाला तरी कोणता प्रश्न विचारला गेला, या तीन गोष्टींवर द्या. वर्षअखेरीस पालकसभेत वह्या मांडून ठेवा आणि एकच विचारा : यातल्या कोणत्या आकड्यामुळे तुमच्या घरात काही बदलले. ज्यांच्या घरात काहीच बदलले नाही त्यांची कारणेही तितक्याच काळजीने लिहून घ्या, कारण पुढच्या जूनचा अभ्यासक्रम त्या कारणांवरून ठरवावा लागेल.